दोन बोटं माया

न्यूट्रल

भिंतीत हूक ठोकून झाले होते. कॅफेवाल्याने फोटो पाठवला: विटांची भिंत, तिच्यात चार जाडजूड लोखंडी हूक, खाली कॉफीचं मशीन. फोटोखाली लिहिलेलं, "हेडलाइटमध्ये पिवळा दिवा सोडणार आहे. एकदम भारी दिसेल."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला, पाहिला आणि परत दिला.

"टांगणार? माझ्या गाडीला? कोंबडी आहे का ती?"

"आई, शब्द तुझाच आहे," माझा नवरा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांना 'आता स्पष्ट दिसतंय का' असं विचारून त्याचा घरातला सूरही तसाच झालाय.

शब्द त्यांचाच होता, हे खरं. मोटरसायकल त्यांच्या नोकरीच्या दिवसांतली. त्या पाणीखात्यात होत्या. टेकडीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते पाहायला रोज सकाळी याच गाडीवरून वर जायच्या. पुढे टाकीला आपोआप मोजणारं यंत्र बसलं, यांची नोकरी संपली, पण वर जाणं काही सुटलं नाही. गेल्या महिन्यात मात्र मोठ्या वळणावर गाडी धापा टाकून थांबली. मागून ब्रेडची गाडी हॉर्न वाजवतेय, आणि या भर रस्त्यात ढकलतायत. तशाच घामाघूम माझ्या शिलाईच्या दुकानात आल्या, हेल्मेट माझ्या कटिंगवर आपटलं आणि ओरडल्या, "ज्या दिवशी ही मला टाकीपर्यंत नेणार नाही ना, त्या दिवशी टांगा हिला भिंतीला!"

ट्रायल रूमचा पडदा सरकला. अर्धवट पँट एका हाताने सावरत कॅफेवाल्याने डोकं बाहेर काढलं.

"काकू, खरंच?"

एवढंच झालं होतं. पण त्याचा कॅफे टाकीच्या अगदी समोर, आणि भिंत रिकामी. तो रोज विचारायला लागला. शेवटी अटी ठरल्या. रविवारी सकाळी गाडी स्वतःच्या ताकदीवर टाकीपर्यंत आली, तर विषय बंद. नाही आली, किंवा मध्ये कुणाचा हात लागला, तर सरळ हुकावर. सासूबाईंनी वर स्वतःहून भर घातली, "एकटी कशाला? सुनेला मागे बसवून आणते." सुनेला कुणी विचारलं नव्हतं.

आणि मला हुकांचं वाईटही वाटलं नव्हतं. गाडी उभी राहते माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात. गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या कपड्यांपासून हातभर लांब. तो कोपरा मोकळा झाला की तिथे माझं नवं कटिंगचं टेबल येणार होतं. मी मापही घेऊन ठेवलं होतं.

मग सासूबाईंनी सीटखालचा डबा उघडला.

"इकडे ये गं! बघ, बघ, बघ!"

डब्यात हवेचा कागदी फिल्टर होता. म्हणजे कधीकाळी कागद असावा. आता तो पापडासारखा कडक आणि काळपट तपकिरी झाला होता. गॅरेजवाल्याने हात वर केले होते, या गाडीचा फिल्टर आता बनतच नाही. त्यांनी तो उपसून काढला, गाडी सुरू केली आणि मूठ पिरगळली.

आवाज बदलला! इतके दिवस गाडी उशीत तोंड खुपसून बोलत होती, ती आता तोंडावर बोलायला लागली. खिडकीच्या काचा थरथरल्या. टेबलावरच्या टाचण्या डबीत नाचल्या.

"नाक चोंदलं होतं हिचं!" सासूबाई ओरडल्या. "मी इंजिनला शिव्या घालतेय आणि हिला श्वासच मिळत नव्हता!"

"मग तशीच चालवा ना, फिल्टरशिवाय."

"आणि रस्त्याची धूळ? पिस्टनने खायची? जाळी पाहिजे. हवा सोडणारी, धूळ अडवणारी. काहीतरी टोपीसारखं, या तोंडावर बसेल असं..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मशीनकडे पाहिलं. खरं तर मी तेव्हाच 'नाही' म्हणायला हवं होतं. पण माझ्या हातात मोजपट्टी कधी आली ते मला कळलंच नाही.


पहिला

गळ्याचं माप घेतात तसं मी कार्बोरेटरचं, म्हणजे जिथे हवा आणि पेट्रोल मिसळतं त्या भागाचं, तोंड मापलं. घेर, खोली, पुढे किती, मागे किती. सासूबाई टॉर्च धरून बसल्या होत्या आणि सूचनांचा पाऊस चालू होता.

"घट्ट नको."

"आई, मी आयुष्यात पहिल्यांदा टेप धरलेली नाही."

"पुरुषांचे शर्ट शिवतेस तू. हा कार्बोरेटर आहे."

"शर्टवाले तरी मध्ये मध्ये बोलत नाहीत."

कापड म्हणून फोम घेतला. बोटभर जाडीचा, ज्याच्या एका बाजूने फुंकर मारली की दुसरीकडे गालाला लागते असा. तीन-चार प्रकारचे तुकडे आणले होते. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडावर फुंकर मारत बसलो. नवरा चहा घ्यायला आला, दारात थबकला आणि चहा न घेताच गेला.

कापला. पेट्रोलची वाफ लागली की चिकटवलेलं सुटतं, म्हणून नायलॉनच्या दोऱ्याने शिवला. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडा, लहान मुलाच्या टोपीसारखा. आत सोफ्याची जुनी स्प्रिंग बसवली, म्हणजे फोम चेपणार नाही. हलकं तेल पाजलं, पिळला. तेलकट फोमला धूळ चिकटून बसते. डब्याच्या झाकणाला भोकं पाडली, हवेला वाट झाली. टोपी तोंडावर चढवली, क्लिप आवळली.

किती सुंदर बसली होती! शिलाई आत, बाहेरून एक टाका दिसत नव्हता. मी डबा बंदच करू देत नव्हते.

"आता हिला दृष्ट काढतेस का?" सासूबाई म्हणाल्या.

गल्लीत चक्कर मारून आल्या तर चेहरा उतरलेला. गाडी खोकत होती. त्यांनी इंजिनचा स्पार्क प्लग काढून तळहातावर ठेवला. टोक खडूसारखं पांढरं.

"उपाशी आहे. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. प्लग पांढरा म्हणजे उपाशी, काळा म्हणजे अजीर्ण. कॉफीसारखा झाला की समजायचं पोट भरलं."

मग गॅरेजवाल्याकडून मोठ्या भोकाचा जेट आला. म्हणजे ज्यातून पेट्रोल वर येतं ती बारकी पितळी नळी. आणि तिच्यात वरखाली होणारी, पेट्रोल कमीजास्त करणारी एक लांब निमुळती...

"थांबा. ही सुई आहे?"

"सुईच म्हणतात हिला."

"गाडीत सुई असते हे मला इतक्या वर्षांत कुणीच सांगितलं नाही!"

"तू कधी विचारलंस?"

सुई एक खाच वर उचलायची होती. ते काम मी केलं. सुईचं काम या घरात दुसरं कोण करणार? पुन्हा चक्कर, पुन्हा प्लग. कॉफी! दूध घातलेली, चांगली उकळलेली कॉफी! सासूबाईंनी तो प्लग नवऱ्याच्या नाकासमोर नाचवला. "आता स्पष्ट दिसतंय का?"

त्या रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की टेबलाचं माप लिहिलेला कागद मी ग्रीस पुसायला वापरलाय.


दुसरा

रविवार. ऊन कोवळं, रस्ता कोरडा. नवरा आधीच कारने वर जाऊन कॅफेवाल्यापाशी उभा. आम्ही दोघी गाडीवर. मी मागे, पर्स पोटाशी, हात त्यांच्या जाकिटाच्या पट्ट्यात.

"घट्ट धर."

"धरलंय."

"मला नाही, गाडीला. मला गुदगुल्या होतात."

दुकानं मागे पडली. शाळेची भिंत, दवाखाना, लाँड्री. लाँड्रीवालीने इस्त्री उभी करून आमच्याकडे पाहिलं. मग चढ सुरू झाला, आणि गाडीने त्याची दखलच घेतली नाही. खरंच सांगते! दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या मुठीवर, ती अशी चढत होती, जणू जिना चढताना गप्पा मारणारी बाई. माझ्या मांडीपाशी, डब्यातून, हवा ओढण्याचा आवाज येत होता. ती हवा माझ्या फोममधून जात होती. माझ्या टाक्यांमधून! मला हसू आवरेना.

"हसतेस काय?"

"काही नाही! तिसरा टाका ना!"

"टाकते! पुढे मोठं वळण आहे, तिथे पूर्ण मूठ देते. बघच आता!"


तिसरा

आणि त्यांनी मूठ पूर्ण पिरगळली आणि गाडी उसळली आणि मी ओरडले आणि


न्यूट्रल

थांबली.

थांबली म्हणजे आधी गुदमरली. घशात घास अडकावा तशी. भक्कन काळा धूर, दोन आचके, मग काही नाही. फक्त गरम इंजिनचा टिकटिक आवाज आणि दरीतून कुठूनतरी कुत्र्याचं भुंकणं. तेच वळण. त्याच वळणावर!

सासूबाईंनी दोन्ही पाय टेकले. ब्रेक दाबून धरला.  

गाडी कडेला स्टँडवर लावली. प्लग काढला. काळाकुट्ट, ओला.

"अजीर्ण," त्या म्हणाल्या. "पण कसं? हवा आपण वाढवली. पेट्रोल त्या हिशोबाने दिलं. गल्लीत ठीक होती, चढाला ठीक होती. पूर्ण मूठ दिली की हवा बंद? कोण बंद करतंय?"

मागून ब्रेडची गाडी आली. तीच. ड्रायव्हर खाली उतरला, बाह्या सरसावल्या.

"काकू, परत? या, ढकलू."

"हात लावू नकोस!" आम्ही दोघी एकदम किंचाळलो.

तो इतका दचकला की दोन पावलं मागे सरून स्वतःच्याच आरशावर आपटला.

"अहो, मदत..."

"तुझा हात लागला की गाडी भिंतीवर जाते," सासूबाई म्हणाल्या. त्याला काही कळलं नाही. त्याने हात खिशात घातले आणि राहिला तिथेच उभा. ब्रेड गरम होते, वास येत होता, पण त्याला आता शेवट पाहायचा होता.

कोण बंद करतंय. मी डब्याकडे पाहिलं. झाकण जागेवर. भोकं मोकळी. आतमध्ये फक्त मी शिवलेली टोपी. बाहेरून एक टाका दिसत नाही अशी. कारण शिलाई आत. आणि शिलाई आत म्हणजे तिच्या कडेला, आत, सोडलेली...



कपडा शिवताना आम्ही शिलाईच्या आत थोडं कापड जास्त सोडतो. माणूस जाडावला, मूल वाढलं, तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. मी शिकले तेव्हापासून माया ठेवल्याशिवाय कात्री चालवलेली नाही. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी ठेवते. हात ठेवतो, मी ठेवत नाही. आणि कार्बोरेटर जाडावत नाही, वाढत नाही, पण हाताला ते कुणी सांगितलं होतं?

फोमची ती पट्टी आत लोंबत होती. हळू चालवलं तर लोंबत राहायची. पूर्ण मूठ दिली की हवेचा झोत तिला स्प्रिंगच्या वेढ्यांमधून ओढून नेणार आणि तोंडावर बसवणार. झाकणासारखी.

आता हे सांगायचं कुणाला? ज्यांची गाडी भिंतीला लागली की माझं टेबल येणार होतं, त्यांना. सगळं घर म्हणणार, हिनेच केलं. मुद्दाम. मी माझ्या जागी नसते तर मीही तेच म्हटलं असतं.

"आई."

"काय?"

"माया राहिलीय."

"कुणाची?"

"टोपीत. आत. मी सवयीने... ती ओढली जातेय. तोंड बंद होतंय तिच्यामुळे."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"किती ठेवलीस?"

"दोन बोटं."

त्यांनी स्वतःची दोन बोटं डोळ्यांसमोर धरून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा बोटं.

"या घरात येऊन इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "माझ्यावर कधी अर्धं बोट ठेवली नाहीस. आणि गाडीत दोन बोटं?"

ब्रेडवाला हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने हसणं गिळलं.

"मी मुद्दाम नाही केलं," मी म्हणाले.

"मुद्दाम करणारी आधी सांगत नाही, नंतर सांगत नाही. पाना दे. कापून टाक ती."

पर्समध्ये दोरे कापायची कात्री होती. मी क्लिप सोडली, टोपी ओढून काढली, हात कोपरापर्यंत तेलकट. आतली पट्टी खरोखर चुरगळून ओली झाली होती. कात्री लावली, आणि थांबले.

"कापता येत नाही."

"का?"

"शिलाईला लागून कापलं तर टाका सुटेल. फोम आहे, फाटत जाईल. वर जाईपर्यंत टोपीचे दोन तुकडे आणि एक पिस्टनच्या पोटात."

"मग?"

वर कुठेतरी हॉर्न वाजला. दोन छोटे, एक लांब. माझ्या नवऱ्याचा हॉर्न. वाट पाहून कंटाळलेला.

मग मला दिसलं. इतकं सोपं, की मी मोठ्याने "हा!" म्हणाले आणि ब्रेडवाल्याने परत हात खिशातून काढले.

"उलटी करायची!"

"काय?"

"टोपी उलटी! आतलं बाहेर. शिलाई बाहेर, माया बाहेर. आत गुळगुळीत! लोंबू दे बाहेर, डब्यात जागा आहे!"

"बाहेरची धूळ आत जाईल."

"आजच घातलीय, धूळ बसायला वेळ कुठे मिळालाय? पुसते." मी ओढणी काढली, सगळीकडून पुसली. मग दोन्ही अंगठे आत घालून टोपी उलटवली. लहान मुलाचा मोजा उलटा करतात तशी. फट्कन आवाज झाला, आणि माझे सगळे टाके जगासमोर उघडे. वाकडे नव्हते. तरी मला कसंतरीच झालं.

"शिलाई बाहेर दिसतेय हो."

"कोण बघतंय? वर झाकण लागणार आहे."

"मला माहीत असेल ना."

"ए बाई, तुझ्या नावाचं लेबल नाही लावत मी तिला. क्लिप आवळ!"

त्यांनी प्लग रुमालाने पुसला, टाचणीने खरवडला. टाचणी माझ्या कॉलरला होती, असतेच. स्प्रिंग आत, क्लिप घट्ट, झाकण बंद. एक किक. काही नाही. दुसरी. फुस्स. पेट्रोल साचलं होतं आत.

"मूठ पूर्ण उघडी धरून मारा," ब्रेडवाला म्हणाला. "लांबूनच सांगतोय, हात लावला नाही."

सासूबाईंनी मूठ उघडली, सगळं अंग उचललं आणि पाय असा मारला की जणू खाली कॅफेवाला होता.

पेटली!


पहिला

चढावर उभ्या गाडीला दोन बायकांसकट हलवायचं असतं तेव्हा देवाचं नाव घ्यायलाही वेळ नसतो. ब्रेक सोडायचा, क्लच सोडायचा, मूठ द्यायची, सगळं एकदम. गाडी बोटभर मागे गेली. माझा पाय आपोआप जमिनीकडे निघाला.

"पाय वर!"

वर घेतला. क्लचचा जळका वास आला. इंजिन खोल गेलं, अगदी बंद पडेल इतकं खोल, आणि तिथून वर आलं. हललो!


दुसरा

वळण सरलं. मागे ब्रेडवाला टाळ्या वाजवत होता, ते मला आरशात दिसलं, आवाज नाही आला.


तिसरा

"देऊ का पूर्ण?" त्या ओरडल्या.

 पूर्ण दिली आणि परत गुदमरली तर आता दुसरी युक्ती नव्हती. अर्ध्या मुठीवर कदाचित पोचलो असतो. कदाचित नसतो. पुढचा तुकडा सगळ्यात उभा होता, टाकीचा पांढरा घुमट झाडांच्या वर दिसायला लागला होता.

"द्या!"

दिली.

गाडीने हवा ओढली. मला ती ऐकू आली. मांडीपाशी, खोल, भरभरून, कुठेही न अडकता. पाणबुड्याने वर येऊन घ्यावा तसा श्वास, पण न संपणारा. धूर नाही. आचका नाही. मागे माझी मान झटकली, हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आपटलं. आम्ही चढत नव्हतो, चढ आमच्याखालून मागे पळत होता!

"ओढतेय!" त्या किंचाळल्या. "अगं, ओढतेय ही! नवी होती तेव्हासुद्धा अशी ओढत नव्हती!"

आणि मी, जिला तो कोपरा हवा होता, मी त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत ओरडत होते, "अजून! अजून!"


चौथा

कॅफेच्या दारात तिघं उभे होते. नवरा, कॅफेवाला आणि गाडी टांगायला बोलावलेला, हातात ड्रिल घेतलेला कारागीर. आमच्या आवाजाने तिघांनी एकदम मान वळवली. नवऱ्याचा हात हॉर्नसाठी कारच्या खिडकीत गेला होता, तो तिथेच राहिला.

मला वाटलं आता थांबू. उतरू. दोन शब्द ऐकवू. मी तोंडात तयार करून ठेवले होते, चांगले झणझणीत. पण सासूबाई थांबल्या नाहीत. त्यांनी टाकीला पूर्ण वळसा घातला, तिघांच्या समोरून एकदा गेल्या, कुणाचा हात लागलेला नाही हे नीट दिसावं म्हणून स्वतःचा डावा हात हवेत उंच धरून. कॅफेवाला तोंड उघडं टाकून पाहत होता. मग त्याने एकदम दोन्ही मुठी वर करून आरोळी ठोकली, जणू पैज त्यानेच जिंकली होती.

"आई, थांब! अगं, झालं ना!" नवरा ओरडला.

झालं नव्हतं. टाकीच्या पलीकडे रस्ता उतरतो, मग सरळ होतो, मग कुठेतरी दूर मोठ्या रस्त्याला लागतो. सासूबाई इतकी वर्षं टाकीपर्यंत येऊन परत फिरत होत्या. नोकरी तिथपर्यंतच होती. मी तर इथवरही पहिल्यांदाच आले होते.

त्यांनी मान किंचित मागे वळवून मला काहीतरी विचारलं. डबा इतक्या जोरात हवा ओढत होता की मला एक शब्द ऐकू आला नाही.

"हो!" मी ओरडले.

गिअर पडला.